गराजसाठी पंख्याचा हीटर कुठला घ्यावा? बसवताना काय सांभाळावं? (मिनेसोटा)

रंधा_पटाशी | १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मिनियापोलिसच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. घराला लागून दोन गाड्यांचं गराज आहे. आतून २२ बाय २४ फूट, छत ८ फुटांवर. २४ फुटी एक भिंत घराला चिकटलेली, बाकी तिन्ही बाजू वाऱ्यावर. समोर १६ बाय ७ चं पत्र्याचं साधं दार.

यंदा मंडळाच्या संक्रांतीच्या एकांकिकेचं नेपथ्य माझ्या गळ्यात पडलंय. (बायकोच्या मते पडलेलं नाही, मी स्वतः ओढून घेतलंय.) वाड्याचा दिंडीदरवाजा आणि तुळशीवृंदावन, दोन्ही प्लायवूडचं. गेल्या डिसेंबरात गराजमध्ये रंग दिला, तो तीन दिवस ओलाच राहिला आणि नंतर पापुद्र्यांनी निघाला. डब्यावर लिहिलंच होतं की ५० फॅरनहाइटच्या खाली लावू नका. माझ्या गराजमध्ये तेव्हा २२ होतं.

सध्या १५०० वॅटचा छोटा प्लगवाला हीटर आहे. त्याने पोटऱ्या भाजतात आणि पाठ गारठते. म्हणून २४० व्होल्टचा, ५ किलोवॅटचा, छताला टांगायचा पंखेवाला घ्यावा असं मनात आहे. ड्रायरचं सॉकेट भिंतीपलीकडे लाँड्रीत आहे. तिथून जाड एक्स्टेन्शन ओढली तर चालेल का? बजेट ५०० डॉलर, फार तर ६००.

थंडगार_डुलुथ | १४ नोव्हेंबर

एक्स्टेन्शनचं डोक्यातून काढून टाका. ड्रायरचं सर्किट ३० अँपिअरचं. तुमचा हीटर एकटाच जवळपास २१ खाणार आणि वर ड्रायर चालला की दोघं मिळून चाळिशी ओलांडणार. ब्रेकर पडला तर नशीब म्हणायचं. त्याआधी एक्स्टेन्शनचा सांधा तापत राहतो, तेही गाद्या-खोक्यांच्या मागे, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. स्वतंत्र सर्किट घ्या.

पुणेकर_अजूनही | १४ नोव्हेंबर

आमच्या लहानपणी हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. :) घराची फर्नेस (घर तापवायची भट्टी) गराजच्या भिंतीलगतच असेल, तर डक्टला, म्हणजे गरम हवेच्या नळाला, एक तोंड पाडून गराजमध्ये का सोडत नाही? फुकटात काम.

थंडगार_डुलुथ | १४ नोव्हेंबर

नको! गराजमधला गाडीचा धूर, पेट्रोलची वाफ त्याच डक्टमधून झोपायच्या खोल्यांत येईल. इथल्या घरबांधणीच्या नियमांत गराजमध्ये डक्टचं तोंड उघडायला बंदी आहे, ती याचसाठी. घर आणि गराज यांच्यामधलं ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्यांचं) आग अडवायला असतं, त्याला भोकं पाडायची नसतात.

उष्णांक | १५ नोव्हेंबर

हीटर निवडण्याआधी उष्णता जाते कुठे, ते बघू या. रात्री अर्धा तास बसून तुमच्या मापांवर आकडेमोड केली. बाहेर उणे १०, आत ५०, म्हणजे फरक ६० अंशांचा. क्षेत्रफळाला ६० ने गुणायचं आणि इन्सुलेशनच्या आर-मूल्याने (ते जितकं जास्त, तितकी उष्णता कमी जाते) भागायचं, की ताशी किती बीटीयू, म्हणजे किती उष्णता जाते, ते मिळतं.

दार ११२ चौरस फूट, साधा पत्रा म्हणजे आर १ धरा : ६,७००.
बाहेरच्या भिंती ४३२ चौरस फूट, आत फायबरग्लास असेल तर : २,४००. नसेल तर ६,५०० च्या आसपास.
छत ५२८ चौरस फूट, वर काहीच घातलेलं नसेल तर : १५,८००.
फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरलं तर : ४,५००.

भिंती भरलेल्या आहेत असं मानलं तरी बेरीज २९,४०० होते. एक वॅट म्हणजे ३.४१ बीटीयू, तेव्हा साडेआठ किलोवॅट झाले. जमिनीतून जाते ती मी धरलेलीच नाही. ५ किलोवॅटचा हीटर तिथे रात्रभर चालून हात टेकेल.

आता गंमत बघा. सगळे दाराला नावं ठेवतात, पण निम्म्याहून जास्त ऊब एकट्या छतातून जातेय. तिथे आर-३८ चं इन्सुलेशन आलं, तर १५,८०० चे ८३० होतात. दाराच्या फटी बुजवून हवेची गळती निम्म्यावर आली, तर एकूण १२,२०० च्या आत, म्हणजे ३.६ किलोवॅट. मग ५ किलोवॅट पुरून उरेल आणि थंडगार फरशी, थंडगार प्लायवूड लवकर तापवायला तो वरचा भाग कामी येईल.

दुकानात ‘चौरस फुटाला १० वॅट’ असं सांगतात. ते चांगल्या बंदिस्त गराजला लागू पडतं. तुमच्या माळ्यावर काय आहे ते आधी शिडी लावून बघा. भिंतीत काही आहे का, हे कळायला ब्रेकर बंद करून एखाद्या सॉकेटची पट्टी काढायची आणि डब्याच्या कडेने डोकावायचं.

रंधा_पटाशी | १६ नोव्हेंबर

उष्णांक, साष्टांग नमस्कार. भिंतीत गुलाबी फायबरग्लास आहे. माळ्यावर आधीच्या मालकाचं ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड आणि एक मेलेली खार. इन्सुलेशन शून्य. खाली पाच-अष्टमांश इंची ड्रायवॉल आहे, वजन पेलेल ना?

उष्णांक | १६ नोव्हेंबर

सेल्युलोज (जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा) उडवून भरलंत तर पेलेल. मोठ्या हार्डवेअर दुकानांत ठरावीक पोती घेतली की उडवायचं मशीन फुकट वापरायला देतात. त्याआधी दिव्यांची, तारांची भोकं सील करा. वळचणीच्या हवेच्या झडपा बुजणार नाहीत यासाठी तिथे थर्माकोलच्या नाळी लावा, नाहीतर माळ्याला बुरशी धरेल. तोंडाला मास्क हवा. माझ्या नाकातून दोन दिवस जुनं वर्तमानपत्र निघत होतं.

दाराला आतून पॅनल चिकटवायचे किट मिळतात, पण त्याने दाराचं वजन वाढतं आणि स्प्रिंगचा तोल जातो. ती स्प्रिंग स्वतः फिरवायला जाऊ नका, हात मोडलेली माणसं आहेत. खालचा रबर आणि बाजूच्या पट्ट्या मात्र नक्की बदला.

वीजमंडळातले_काका | १६ नोव्हेंबर

अरे रंधा, मी महावितरण व्हायच्या आधीपासून वीज मंडळात होतो. आता मुलाकडे मिशिगनला असतो, त्याच्या गराजच्या वेळी इथले नियम वाचून काढले. आपल्याकडून आलेला माणूस एका ठिकाणी हमखास फसतो, तेवढं सांगतो.

आपल्याकडे २३० म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. इथे २४० म्हणजे दोन्ही तारा जिवंत, प्रत्येक तार जमिनीच्या मानाने १२०. म्हणून ब्रेकर जोडीचा, दोन्ही दांडे एकदम पडणारा. आणि हीटरला न्यूट्रल लागतच नाही. केबलमधली पांढरी तार बघून आपला माणूस न्यूट्रल समजतो आणि निर्धास्त हात लावतो. ती पांढरीसुद्धा जिवंत असते बाबा! तिच्या दोन्ही टोकांना काळी नाहीतर लाल टेप गुंडाळायची, म्हणजे पुढच्याला कळेल. उघडी तार ती ग्राउंडची.

हिशेब असा. ५,००० भागिले २४०, म्हणजे २०.८ अँपिअर. भिंतीला वा छताला कायमचा बसवलेला हीटर सतत चालणारा भार धरतात, म्हणून सव्वापट : २६. त्यावरचा ब्रेकर ३० चा, तार १० गेज तांब्याची (गेजचा आकडा वाढला की तार बारीक). साडेसात किलोवॅटचा घेतलास तर ब्रेकर ४० चा, तार ८ गेज, खर्च उगाच वाढतो. ‘३० च्या ब्रेकरवर १२ गेज चालते’ असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

घराचं ब्रेकरचं पॅनल किती अँपिअरचं आहे? ईव्हीचा चार्जर आहे का?

रंधा_पटाशी | १६ नोव्हेंबर

काका, पॅनल २०० चं, गराजच्या मागच्या भिंतीपलीकडे तळघरात. चार्जर आहे, ४० च्या ब्रेकरवर.

वीजमंडळातले_काका | १६ नोव्हेंबर

२०० असेल तर बहुतेक निभेल, पण बहुतेकवर जायचं नाही. इलेक्ट्रिशियनकडून घराच्या एकूण भाराचा हिशेब करून घे. मिनेसोटात मालकाला स्वतःच्या राहत्या घरात वायरिंग करता येतं, फक्त परमिट काढावं लागतं आणि तपासणी होते. पण तुला पॅनलमध्ये हात घालायची सवय नसेल, तर केबल ओढणं आणि हीटर टांगणं तू कर, शेवटची जोडणी त्याला करू दे. आधी त्याला विचारून मात्र घे, काहींना दुसऱ्याचं काम चालत नाही.

सुतारीण | १७ नोव्हेंबर

मी कॅलगरीत गराजमध्येच फर्निचर बनवते, सातवा हिवाळा. जागेबद्दल बोलते, कारण तिथे मी एकदा तोंडावर पडलेय.

पहिला हीटर मी दाराजवळच्या कोपऱ्यात टांगला. छान दिसत होता. गराजचं दार उघडल्यावर ते छताखाली आडवं येतं, हे लक्षातच घेतलं नाही. दार वर गेलं की पॅनल बरोबर हीटरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर! दुसऱ्या दिवशी काढून हलवला. तेव्हा दार पूर्ण उघडून, खाली उभं राहून खडूने खूण करा. मागचा कोपरा बरा, झोत तिरका खाली, खोलीच्या मधल्या भागाकडे. छत आणि बाजूंपासून किती अंतर ते पुस्तिकेत असतं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. लॅग स्क्रू (लाकडात जाणारा जाड स्क्रू) जॉइस्टमध्येच, म्हणजे छताच्या तुळईतच, गेला पाहिजे. ड्रायवॉलमध्ये गेलेला स्क्रू पंख्याच्या थरथरीने महिन्याभरात सैल होतो.

दुसरं भुश्श्याचं. कॉइलवर भुस्सा बसला की आधी जळका वास येतो. तेव्हाच बंद करा, थंड होऊ द्या, ब्रेकर पाडा आणि व्हॅक्यूम करा. मी सँडिंग करताना हीटर बंदच ठेवते, खोली आधी तापवून घेते. आणि रंग पाण्याचाच वापरा. थिनर, लॅकर, स्प्रेचे डबे असले काही गराजमध्ये उडवणार असाल, तर हीटर बंद. त्याच्या वाफा पेटायला लाल कॉइल पुरते.

अजून एक. काम झालं म्हणून थेट ब्रेकर पाडू नका. थर्मोस्टॅट खाली केला की कॉइल बंद होते आणि पंखा थोडा वेळ फिरून आतली ऊब बाहेर काढतो. ते होऊ द्या.

गुळपोळी | १७ नोव्हेंबर

आमच्या शेजाऱ्याने केरोसीनचा तोफेसारखा हीटर आणलाय, दहा मिनिटांत गराज भट्टी. तो स्वस्त नाही का पडणार?

उष्णांक | १७ नोव्हेंबर

बंद गराजमध्ये तो नकोच. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू साचतो, त्याला ना रंग ना वास. शिवाय जळण्यातून पाणी तयार होतं. प्रोपेनचं उदाहरण घ्या, एक किलो जाळला की दीड किलोहून जास्त वाफ. ती सगळी थंड पत्र्यावर, हत्यारांवर गोठते. रंग वाळवायचाय आणि हवेत पाणी सोडायचं, हे कसं जमेल? हीटर कुठलाही असो, गराजला लागून असलेल्या घरात सीओ डिटेक्टर हवाच.

टोरांटोचा_बाळू | १८ नोव्हेंबर

आमच्याकडे धुराड्याचा गॅस हीटर आहे, मोडाइन कंपनीचा ‘हॉट डॉग’. (हो, खरंच तेच नाव.) ४५,००० बीटीयू. पूर्ण हिवाळा गराज उबदार ठेवायचं असेल तर गॅस स्वस्त पडतो, पण गॅसची लाइन, धुराडं आणि परवानाधारक माणूस धरून तुमच्या ६०० मध्ये काही होत नाही. शनिवार-रविवारच्या कामाला वीजच ठीक. माझ्याकडे युनिट १५ सेंटच्या आसपास आहे. ५ किलोवॅट पूर्ण जोरात चालला तर तासाला ७५ सेंट.

मॉडेल म्हणाल तर माझ्या भावाने फॅरनहीट कंपनीचा एफयूएच५४ घेतला, ५ किलोवॅट, थेट तारेने जोडायचा. चार हिवाळे झाले, आवाज टेबलफॅनपेक्षा थोडा जास्त. किंग आणि क्युबेकची स्टेलप्रो या कंपन्यांचेसुद्धा बघा. ऑनलाइन निम्म्या किमतीत विचित्र नावाचे दिसतात, त्यांवर यूएल, सीएसए किंवा ईटीएलचा सुरक्षा-तपासणीचा शिक्का आहे का ते आधी तपासा. शिक्का नसलेल्याला इन्स्पेक्टर दारातूनच परत पाठवेल. प्लगवाले २४० चे पण मिळतात, पण नव्या नियमांत गराजच्या त्या सॉकेटलाही जीएफसीआय (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा) लागतो आणि काही हीटर त्यावर उगाच ट्रिप करत बसतात. थेट जोडलेला बरा.

हो, आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही : मीठ लागलेली गाडी उबदार गराजमध्ये ठेवली की गंज जास्त वेगाने धरतो. गोठलेल्या गराजमध्ये तेच मीठ शांत पडून असतं. काम नसताना ४५ वर ठेवा, किंवा सरळ बंद.

रंधा_पटाशी | १२ डिसेंबर

मंडळी, हिशेब देतो. माळ्यावर सेल्युलोज उडवलं, एक रविवार गेला. दाराचा रबर आणि बाजूच्या पट्ट्या बदलल्या, किट लावलं नाही, स्प्रिंगला हात लावला नाही. फॅरनहीटचाच घेतला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, दार उघडून खडूची खूण करून. केबल मी ओढली, जोडणी इलेक्ट्रिशियनची. बजेट अर्थातच मोडलं, इलेक्ट्रिशियनने हीटरपेक्षा जास्त घेतले.

इन्स्पेक्टरने एकच खोट काढली. हीटरजवळ उभं राहून पॅनल दिसत नाही, तेव्हा ब्रेकर बंद करून कुलूप घालता आलं पाहिजे. पाच मिनिटांत त्याचा क्लिप बसवला, पास. पांढऱ्या तारेवरची लाल टेप बघून तो म्हणाला, ‘गुड’. काका, ते तुमचं.

काल बाहेर ४ अंश होतं. ३० पासून ५५ ला जायला एक तास दहा मिनिटं लागली. मग थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद होत राहिला.

वीजमंडळातले_काका | १२ डिसेंबर

शाबास. पहिल्या महिन्यानंतर ब्रेकर बंद करून, टेस्टरने खात्री करून, हीटरच्या आतले स्क्रू एकदा तपास. तापून-थंड होऊन सैल झालेले असतात.

गुळपोळी | १३ डिसेंबर

ते सगळं ठीक, पण खारीचं काय केलंत?

रंधा_पटाशी | १३ डिसेंबर

जमीन गोठलीय, पुरता येईना. कचऱ्याच्या गाडीत सन्मानाने. ख्रिसमसचं झाड मात्र ठेवलंय. फांद्या काढून वृंदावनात तुळस म्हणून लावून बघतोय, मागच्या रांगेतून कळणार नाही. आत्ता हिरव्याचा दुसरा हात वाळतोय.