समुद्र जवळ असताना सर्फिंगला इतक्या लांब का जायचं?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, बडोद्यात लालबागच्या तलावात नियमित पोहते. पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीला झालं, ते टीव्हीवर बघितल्यापासून हाच ध्यास. दिवाळीच्या सुट्टीत कुठे नेऊ? सासूबाईंचं म्हणणं, कावी-कंबोईला समुद्र आहेच की!

रावपुरा_ते_मंगळूर:
ताई, तो समुद्र खराच, पण खंभातच्या आखाताचा. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, शिवाय मही आणि नर्मदेचा गाळ. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं ते आठवा. पाणी चढतं, उतरतं, पण बोर्डाला हवी तशी लाट उभी राहत नाही. ती लाट दूर खुल्या समुद्रात वाऱ्याने तयार होते. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की तिचा पाया अडतो आणि माथा पुढे कलंडतो. कशी फुटणार, हे खालचा तळ ठरवतो.

मला वेड लागलं ते या तळापायी. कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुलकीला शांभवी नदीच्या मुखाशी वाळू आहे आणि ती सरकत राहते, त्यामुळे ओळखीची लाटसुद्धा पुन्हा शोधावी लागते. तमिळनाडूत महाबलीपुरमला किनाऱ्यावरच्या देवळाशेजारी खडक आहेत. लाट त्यांच्या कडेने उजवीकडे लांबवर उलगडत जाते, आणि ती नीट पकडता आली तर माणूस दिवसभर दुसरं काही बोलत नाही. लिटल अंदमानला तळाशी प्रवाळ. तिथे पडलं की कातडी सोलते, नवख्याने जाऊच नये. गोव्यात पाय भिजवून 'भारताचा समुद्र बघितला' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दिवाळीत मुलकीच. पावसाळ्यातला खवळलेला पश्चिम किनारा तोवर शांत होतो. तमिळनाडूत मात्र तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो, वादळंही येतात. बडोद्याहून कोकण रेल्वेने उडुपीला उतरा, पुढे मुलकी तीसेक किलोमीटर. सर्फिंग शिकवण्याची सुरुवात भारतात तिथूनच झाली, साधारण २००४ च्या सुमारास.

मांडवीचा_मुलगा:
तलावातलं पोहणं उपयोगी पडेल, पण एक गोष्ट तिच्याकडून पाठ करून घ्या. किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. आणि बोर्ड फोमचाच मागा, आठ-नऊ फुटी. कडक बोर्ड डोक्याला लागला तर टाके पडतात.

दांडियाबाजारकर:
खूप आभार! मी चाळिशी ओलांडली आहे, मलाही जमेल का हो?

रावपुरा_ते_मंगळूर:
का नाही! सुरुवातीला कंबरभर पाण्यातच उभं करतात, लाट फुटून गेल्यावरच्या पांढऱ्या फेसात. तिथे पोटावर झोपायचं, हातांनी वल्हवायचं आणि एका झटक्यात उभं राहायचं. दमतात ते खांदे, म्हणून आतापासून रोज थोडे दंड काढा. दोघींसाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट नक्की घ्या, बोर्डावर घासून छाती-पोट सोलवटतं.