जर्मनीत घरचे इंटरनेट रोज संध्याकाळी मंदावते आणि कंपनी दाद देत नाही. करार सोडता येईल का?

नेकारकाठची

नमस्कार. आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. सात महिन्यांपूर्वी टीव्हीच्या केबलवरून येणारी २५० एमबीपीएसची (म्हणजे सेकंदाला २५० मेगाबिट) जोडणी घेतली. करार २४ महिन्यांचा आहे. दिवसा वेगाबद्दल काहीच तक्रार नसते, परंतु संध्याकाळी सहानंतर तो उतरू लागतो आणि आठ ते दहाच्या दरम्यान कित्येकदा १५-२० एमबीपीएसवर येऊन थांबतो. उन्हाळ्यात इथले सहा वाजतात तेव्हा सांगलीला साडेनऊ झालेले असतात, आणि त्याच वेळी माझी आई झोपण्यापूर्वी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला व्हिडिओवर गोष्ट सांगते. काल गोष्टीतला कोल्हा विहिरीत डोकावला आणि आईचे चित्र तिथेच अडकले. ओठ अर्धवट उघडे, चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइटची रेघ. चित्र पुन्हा हलले तेव्हा गोष्ट संपली होती आणि मुलगा रडत होता.

कंपनीला चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे थांबल्यावर राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगण्यात आले आणि शेवटच्या वेळी तर, आमच्या लाइनमध्ये दोष दिसत नाही, तुमचे वायफाय खराब असेल, असे म्हणून फोन ठेवला गेला. माझे जर्मन कामापुरते आहे, पण घाईने बोलणाऱ्या माणसापुढे शब्द वेळेवर आठवत नाहीत. उरलेल्या १७ महिन्यांचे पैसे भरावेच लागतील का? पुढच्या महिन्यापासून बँकेतून पैसे वळते होणे थांबवावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

तांब्याची तार

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती महाग पडते. पैसे थांबवू नका. बँकेतून रक्कम परत गेली की आधी स्मरणपत्र येते, त्यावर दंड लागतो, मग प्रकरण वसुली संस्थेकडे जाते आणि पुढे शुफामध्ये, म्हणजे इथल्या पतनोंदीत, तुमच्या नावावर डाग लागण्याची शक्यता निर्माण होते. जर्मनीत पुढचे घर भाड्याने घेताना घरमालक सर्वांत आधी तोच कागद मागतो. तुमची बाजू न्याय्य असताना ती अशी कमकुवत करून घेऊ नये.

दुसरे असे, की कंपनीचे वायफायबद्दलचे म्हणणे खोडून काढता आले पाहिजे. राउटरला लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडा, घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करा आणि मग वेग पाहा. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपचा पोर्ट जुना असेल, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतील, तर लाइन कितीही चांगली असली तरी आकडा ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. मी स्वतः अशा एका केबलपायी दोन आठवडे कंपनीशी वाद घातला होता आणि चूक माझ्या टेबलाखाली होती. दुपारी तुम्हाला लॅनवरून २४० च्या आसपास वेग मिळत असेल आणि रात्री त्याच केबलवर २० मिळत असेल, तर दोष तुमच्या घरात नाही हे तिथेच सिद्ध होते. फाइल उतरवताना दिसणारा आकडा मात्र बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये असतो. तो आठने गुणल्याशिवाय करारातल्या आकड्याशी ताडून पाहू नका.

फ्रांकफुर्टकर

आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल ती गोष्ट म्हणजे १ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेला इथला दूरसंचार कायदा. त्याच्या कलम ५७ नुसार करारातला वेग सातत्याने मिळत नसेल, तर ग्राहकाला मासिक शुल्क त्या प्रमाणात कमी करून घेण्याचा किंवा मुदत संपण्यापूर्वी करार सोडण्याचा अधिकार आहे. मात्र हा वेग कोणत्याही संकेतस्थळावर मोजून चालत नाही. बुंडेसनेट्झआगेंटूर, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणारी सरकारी संस्था, हिचे ब्राइटबांडमेसुंग नावाचे मोजणीचे ॲप संगणकावर घ्यावे लागते आणि मोजणी लॅन केबलनेच करावी लागते. ब्राउझरमध्ये केलेली चाचणी यासाठी धरली जात नाही.

मोजणीच्या आधी करारासोबत आलेले उत्पादन-माहितीपत्रक शोधून काढा. त्यावर कमाल, सामान्यतः मिळणारा आणि किमान असे तीन वेग छापलेले असतात. जाहिरातीतला आकडा कमाल वेगाचा असतो. भांडण बहुतेक वेळा उरलेल्या दोन आकड्यांवर उभे राहते. एकूण ३० मोजण्या तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी दहा, आणि सगळ्या १४ दिवसांच्या आत पूर्ण करायच्या असतात. दोन मोजणीदिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडावा लागतो, आणि त्या-त्या दिवशी पाचव्या व सहाव्या मोजणीमध्ये किमान तीन तासांचे अंतर लागते. हे अंतर ॲप स्वतःच पाळून घेते, त्यामुळे पहिल्या पाच मोजण्या दुपारी आणि उरलेल्या पाच रात्री जेवणानंतर, असा क्रम तुमच्या बाबतीत सोयीचा पडेल.

निकाल तीन प्रकारे तुमच्या बाजूने लागू शकतो आणि त्यातला एक पुरेसा असतो. तीनपैकी किमान दोन दिवशी कमाल वेगाच्या ९० टक्क्यांपर्यंत एकदाही पोहोचता आले नाही. किंवा सामान्य वेग गाठणाऱ्या मोजण्या एकूण मोजण्यांच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरल्या. किंवा किमान दोन दिवशी वेग प्रत्येकी एकदा तरी किमान मर्यादेच्या खाली गेला. आपला दिवसाचा वेग चांगला आहे, म्हणून पहिली अट बहुधा लागू होणार नाही, परंतु तिसरी नक्कीच होईल असे वाटते. शेवटी ॲप एक अहवाल तयार करून देते. मी ज्या कंपनीशी वर्षभर फोनवर बोलत होतो, तिने तो अहवाल हाती पडल्यावर दहा दिवसांत शुल्क कमी केले. त्याआधी मी काय बोललो, किती वेळा बोललो, याची नोंदसुद्धा त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून फोन करणे थांबवा. अहवाल जोडून आइनश्रायबनने, म्हणजे नोंदणीकृत टपालाने, पत्र पाठवा आणि दोष दूर करण्यासाठी ठरावीक तारीख द्या. दोन आठवड्यांची मुदत देण्याची रीत आहे. ही मुदत दिल्याशिवाय थेट करार सोडल्यास कंपनी हरकत घेऊ शकते. पत्राचा नमुना फेरब्राउखरत्सेंट्रालेच्या, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राच्या, संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यामुळे भाषेची अडचणही उरत नाही, आणि लिहिलेल्या शब्दाला इथे बोललेल्या शब्दापेक्षा कितीतरी अधिक वजन आहे.

राइनतीर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. संध्याकाळीच असे का होते, एवढेच सांगतो, कारण त्यावर पुढची जोडणी कोणती घ्यावी हे अवलंबून आहे. टीव्हीच्या केबलवरचे इंटरनेट परिसरातल्या अनेक घरांमध्ये वाटलेले असते. कंपनीने एका भागात प्रमाणाबाहेर ग्राहक घेतले की सगळे घरी परततात त्या वेळी तो भाग तुंबतो. नळाला दिवसभर जोर असावा आणि चाळीतले सगळे एकदम पाणी भरू लागले की धार बारीक व्हावी, तसे. राउटर पुन्हा चालू केल्याने यात काहीही बदलणार नाही. उपाय कंपनीच्या हातात आहे, तो म्हणजे त्या भागाचे विभाजन करून क्षमता वाढवणे, आणि त्याला काही वेळा महिनेच्या महिने लागतात.

दूरध्वनीच्या तारेवरचे डीएसएल तुलनेने स्थिर असते, कारण रस्त्यावरच्या करड्या पेटीपासून तुमच्या घरापर्यंतची तार तुमची एकट्याची असते. तिथे प्रश्न अंतराचा येतो. पेटीपासून घर जितके दूर, तितका वेग कमी. म्हणून तुमच्या पत्त्यावर, तुमच्या दारापर्यंत नेमका किती वेग येतो, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. ऑप्टिकल फायबर तळघरापर्यंत आलेले असेल तर घरमालकाला विचारून तेच घ्या.

नेकारकाठची

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. माहितीपत्रकात सामान्य वेग २०० आणि किमान १५० असा दिलेला होता. ३० मोजण्यांपैकी केवळ १४ मध्ये २०० चा आकडा गाठला गेला आणि तिन्ही रात्री वेग ३० च्या खाली होता. अहवालासह पत्र पाठवल्यावर तुमच्या भागात जाळ्यावर ताण आहे हे कंपनीने प्रथमच लेखी मान्य केले, पण सुधारणा केव्हा होईल ते सांगितले नाही, आणि एका महिन्याच्या शुल्कात दहा युरोंची सूट देऊ केली. मी ती नाकारली आहे. दिलेली मुदत परवा संपते. आमच्या पत्त्यावर डीएसएल १०० मिळते, परंतु नव्या कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी येणार आहे. आता जुना करार आजच सोडावा की थांबावे?

फ्रांकफुर्टकर

सूट नाकारलीत हे बरे झाले, कारण ती स्वीकारताना पुढचा दावा सोडल्याचे एखादे वाक्य खाली बारीक अक्षरात असू शकते. मुदत संपू द्या. त्यानंतर लगेच करार सोडण्याचे पत्र पाठवा, परंतु त्यात करार संपण्याची तारीख नव्या जोडणीनंतरची, चार-पाच दिवस पुढची लिहा, म्हणजे डीएसएलचा माणूस आला नाही तरी घर इंटरनेटवाचून राहणार नाही. त्या तारखेपर्यंतचे शुल्क प्रमाणात कमी करावे, अशी मागणी त्याच पत्रात करा आणि करार संपल्याची लेखी पोच मागा. कंपनीने नकार दिला तर बुंडेसनेट्झआगेंटूरकडे सामोपचाराचा अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, मात्र त्यात सहभागी होण्याची सक्ती कंपनीवर नसते.

राउटर कंपनीचा असेल तर तो त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच परत पाठवा आणि पार्सलची पावती जपून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी ती टाकून दिली होती, आणि चार महिन्यांनी त्यांच्याकडे राउटरच्या किमतीचे बिल आले.