शब्दचर्चा : चुणचुणीत गाडी आणि तिची सय

घाटवाट
मंडळी, विचारायचं आहे शब्दांबद्दल, पण सुरुवात गाडीपासून करतो.

आमच्याकडे १९९६ सालची मारुती झेन होती. बाबांनी घेतली, मी तिच्यावर शिकलो. २०११ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, आणि २०१६ला विकली. परवा सकाळी दूध घेऊन येत होतो, पाठीमागून एक झेन गेली. वळून बघायच्या आधीच आवाजावरून कळलं. काही क्षण पिशवी हातात धरून नुसता उभा राहिलो.

मला दोन शब्द हवे आहेत. एक त्या जातीच्या गाडीसाठी : लहान, हलकी, मागे डिकीचं उभं दार, आणि आकाराच्या मानाने अंगात भलतंच पाणी असलेली. इंग्रजीत 'हॉट हॅच' म्हणतात. दुसरा शब्द रस्त्यात उभं असताना जे झालं त्यासाठी. 'स्मरणरंजन' मला माहीत आहे, पण त्यात रंजन आहे. मला त्या वेळी रंजन वाटलं नाही, आत काहीतरी ओढलं गेलं.

मिडलंड्स
'हॉट हॅच' शब्दशः मराठीत आणूच नका. 'गरम गाडी' म्हटलं की डोळ्यासमोर रेडिएटर उकळून घाटात उभी राहिलेली गाडी येते.

मी इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षं आहे. इथल्या मंडळींच्या बोलण्यात दोन नावं हमखास असतात, फोल्क्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि प्यूजो २०५ जीटीआय. गोल्फ १९७५ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढच्या वर्षी बाजारात आली. १६०० सीसी, ११० अश्वशक्ती, वजन जेमतेम ८१० किलो. कंपनीला पाच हजार खपल्या तरी पुरे होत्या. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त गेल्या. सीटला चौकड्याचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू, या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंच्या.

१९८४ची २०५ जास्त अवखळ. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलात की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. ज्यांनी ती चालवली ते याबद्दल तक्रार करत नाहीत, कौतुकानेच सांगतात. माझा शेजारी सत्तरीचा आहे. २०५चं नाव काढलं की हातातला कप खाली ठेवतो आणि दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग धरतो.

कोल्हापुरी
'हॉट'चे दोन अर्थ आहेत, गरम आणि तिखट. आपल्याला दुसरा घ्यायचा आहे. मग शब्द तयारच आहे : लवंगी. दिसायला बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि चावली की कळतं. 'लवंगी गाडी'. कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

मुद्रितशोधक
'लवंगी' छान आहे. पण मूळ अडचण मला वेगळीच वाटते. मराठीत वेगाचे शब्द भरपूर आहेत, ते बातम्यांनी नासवले आहेत. 'भरधाव' घ्या. किती सुंदर शब्द! धाव पूर्ण भरात आल्याचा. पण मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात प्रुफं वाचली, आणि 'भरधाव'च्या पुढे 'ट्रकची धडक' किंवा 'कारने उडवले' याखेरीज क्वचितच काही वाचलं. आता कुणी आनंदाने 'मी भरधाव गेलो' म्हणू शकत नाही, कबुलीजबाब दिल्यासारखं वाटतं. 'सुसाट' अजून थोडा वाचला आहे, कारण त्यात वाऱ्याचा आवाज आहे.

क्रियापदं बघा. आपण गाडी हाकतो, दामटतो, पिटाळतो, पळवतो. ही सगळी बैलाघोड्यांकडून आलेली. 'दामटणे' आणि 'पिटाळणे' यांत जनावरावर जबरदस्ती आहे. जी गाडी आपणहून पळायला उत्सुक आहे तिला दामटावं का लागेल? तिच्यासाठी क्रियापद नाही, ही खरी उणीव.

घाटवाट
हे अगदी नेमकं बोललात. झेन दामटावी लागत नसे. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, ताकद पन्नास अश्वशक्ती. आजच्या आकड्यांपुढे काहीच नाही. पण गाडीच मुळी पाऊण टनाच्या आसपास. पसरणी घाटाचंच सांगतो. वाई सोडली, चढ लागला की तिसरा. आवाज वाढत जायचा, गुरगुर नव्हे, शिट्टीच्या जवळ जाणारा. वळण दिसलं की दुसऱ्यावर घ्यायची, आणि वळणातून बाहेर पडतानाच ती पुन्हा तिसरा मागायची. 'मागायची' हाच शब्द वापरतो, कारण दांड्यावरच्या तळव्याला ते कळायचं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पार्किंगमध्ये खांदे भरून यायचे, पण एकदा चाकं फिरू लागली की रस्त्यातला बारीकसा खडाही बोटांना लागायचा. मागच्या सीटवरून आई दर वळणाला 'हळू रे' म्हणायची, आणि बाबा शेजारी बसून काहीच बोलायचे नाहीत. ते न बोलणं मला परवानगीसारखं वाटे.

वेग म्हणाल तर काटा साठच्या वर क्वचित गेला असेल. म्हणून 'वेगवान' हा शब्द इथे चालतच नाही. साठातच एवढी मजा होती.

शब्दवेल्हाळ
मग 'चपळ' का नको? संस्कृत 'चपल' म्हणजे अस्थिर, एका जागी न राहणारा. चपला म्हणजे वीज. मराठीत येताना त्यातला थिल्लरपणा गळला आणि अंगातली लवचीक तत्परता उरली. चपळ माणूस सगळ्यांत जोरात धावतो असं नाही, तो पटकन वळतो. तुमची झेन चपळ होती.

पण लहानपणाचा भाग 'चपळ'मध्ये येत नाही, चित्ताही चपळच असतो. म्हणून माझं मत 'चुणचुणीत'ला. हा शब्द आपण फक्त लहानांना लावतो. चुणचुणीत पोर म्हणजे बुद्धीने तल्लख, हालचालीला चटपटीत, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारं. पाय टेकवायच्या आत पळणाऱ्या लहान गाडीला याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.

कोल्हापुरी
'चुणचुणीत' मान्य. पण एक फरक ठेवू या. झेन चुणचुणीत, आणि फियाटची पालिओ १.६ लवंगी. ती शंभर अश्वशक्तीची होती, २००१च्या काळात तेवढ्या लहान गाडीत कुणी असलं इंजिन देत नव्हतं. चुलतभावाकडे होती, पिवळी. तिसऱ्यावर पाय दाबला की पाठ सीटला लागायची. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. पोरगं नव्हतं ते, पैलवान होता, फक्त उंचीला कमी.

मुद्रितशोधक
पालिओच्या नावाचीही गंमत आहे. इटलीत सिएना गावच्या चौकात दर वर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला घोड्यांची शर्यत होते, तिचं नाव पालिओ. शर्यत जिंकणाऱ्या मोहल्ल्याला जो चित्रित ध्वज मिळतो तो मूळचा 'पालिओ'. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावरचं वस्त्र. म्हणजे वस्त्राचा ध्वज झाला, ध्वजाची शर्यत झाली आणि शर्यतीची गाडी. ती गाडी आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, त्याच्या दहा नंबरावरून 'एस१०' अशी खास आवृत्तीही निघाली.

नंतरची स्विफ्ट तर तुमच्या 'चपळ'चं सरळ भाषांतरच आहे. शिवाय इंग्रजीत स्विफ्ट हे पाकोळीचंही नाव. जुन्या वाड्यांच्या वळचणीतून सुटणारी पाकोळी ज्याने बघितली आहे त्याला त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

शब्दवेल्हाळ
आणि झेन म्हणजे आपलं 'ध्यान'. संस्कृत ध्यान चीनमध्ये 'चान' झालं, जपानमध्ये 'झेन'. मग जपानी कंपनीशी भागीदारीतून गाडी होऊन शब्द घरी परत आला. सर्वांत चळवळ्या गाडीचं नाव ध्यान! पण घाटवाट यांनी पसरणी घाटाचं जे वर्णन केलं, हात, कान, पाय, रस्ता यांपलीकडे मनात काही नसणं, त्याला दुसरं काय म्हणणार?

गॅरेजवाला
थोडं मधे बोलतो. शब्द नवीन हवे म्हणता, पण हाताखालचे शब्दही बघा की. 'डिकी' हा शब्द जुन्या दोन सीटच्या मोटारीच्या मागे उघडून बसायच्या जागेचा. त्या मोटारी गेल्या, डिकी राहिली. 'स्टेपनी' हे वेल्समधल्या लानेली गावच्या रस्त्याचं नाव, तिथे १९०४ला जादा चाक बनवायला लागले. इंग्लंडमध्ये आज स्टेपनी म्हटलं तर समजणार नाहीत, आपल्याकडे रिक्षावालाही तेच म्हणतो.

गिऱ्हाईक गाडीबद्दल काय बोलतं ते रोज ऐकतो. 'पिकअप गेला', 'ओढत नाही', 'दम खाते', 'चढाला मरते'. तक्रारीचे शब्द शंभर आहेत. कौतुकाचा एकच : 'हातात बसली आहे'. जुन्या झेनवाल्यांच्या तोंडून तो सगळ्यांत जास्त ऐकला. गाडी विकायला आणलेला माणूससुद्धा किल्ली देताना म्हणतो, 'हातात बसली होती हो.'

मिडलंड्स
हे वाचून थांबलो. पंचवीस वर्षांत गाड्यांवर इतकं इंग्रजी बोललो, पण 'हातात बसली'ला माझ्याकडे इंग्रजी नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. 'नॉस्टॅल्जिया' हा मुळात आजाराचा शब्द. १६८८ला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेलला प्रबंध लिहिला, त्यात तो घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून लांब राहून झुरणाऱ्या स्विस माणसांसाठी. म्हणजे मूळ शब्दात रंजन नाही, घाटवाट यांना जे खटकलं ते योग्यच आहे.

मुद्रितशोधक
'स्मृतिकातर' म्हणा मग. त्यात दुखणं आहे.

घाटवाट
आहे, पण तो लेखात शोभतो. दुधाची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस 'मी स्मृतिकातर झालो' म्हणणार नाही.

शब्दवेल्हाळ
बोलीतल्या जोडशब्दांकडे चला. तुमच्या गाडीवरच लावून बघते, म्हणजे फरक दिसेल.

तुम्ही ती विकली आणि शेवटची एक चक्कर मारायची राहून गेली, ती रुखरुख. मनात बारीक काटा राहतो, दुखत नाही, पण निघतही नाही. २००३ला झेनची तीन दारांची 'कार्बन' आणि 'स्टील' अशी मोजक्या संख्येची मॉडेलं निघाली होती. एखाद्याच्या खिशात पैसे होते, तो 'उद्या बघू' म्हणाला आणि गाड्या संपल्या, त्याला लागली ती चुटपुट. भंगारवाल्याच्या आवारात काचा फुटलेली, चाकं काढलेली झेन दिसली तर हळहळ. हळहळ परक्याच्या गाडीसाठीही वाटते. रुखरुख फक्त आपल्या गाडीसाठी.

'हुरहूर' मी मुद्दाम बाजूला ठेवली. ती नुसती मागच्याची नसते. मुलगी रात्रीच्या एसटीने निघाली की आईला लागते तीही हुरहूरच.

ओवी
'सय' कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. माझी आजी 'आठवण' असं फारसं म्हणत नसे, 'सय' म्हणायची. माहेरची सय येते, भावाची सय येते. आठवण आपण काढतो, सय आपणहून येते. जात्यावर बसलेली बाई सय काढायला बसत नाही, दळता दळता कुठूनसा वास किंवा आवाज येतो आणि सय येते. तुम्ही परवा गाडीचा विचार करत नव्हता, पाठीमागून आवाज आला. आणि मिडलंड्स म्हणतात तसा तो ग्रीक शब्द घरी परतण्याचा असेल, तर आपल्याकडे त्या वेदनेवर पहिला हक्क माहेराचा.

मुद्रितशोधक
सय निर्जीव वस्तूची येते का? मी तरी माणसांच्याच संदर्भात ऐकला आहे.

ओवी
आजीला गोठ्यातल्या गाईची सय यायची. परसातल्या विहिरीचीही. विहिरीत जीव होता की नव्हता हे तिने कधी ठरवलं नाही.

घाटवाट
हा शब्द घेतो. झेनची सय आली. म्हणून बघितलं, आणि बरोबर बसला. बाबा गेल्याला आता सहा वर्षं झाली. त्या आवाजाबरोबर ते शेजारच्या सीटवर न बोलता बसलेले होते, हे इथे लिहिताना लक्षात आलं. रस्त्यात उभा असताना आलं नव्हतं.

अजून एक विचारून घेतो. आता माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे. आरामाची आहे, पुण्याच्या गर्दीत तिला पर्याय नाही. पण मोकळा चढ लागला आणि वळण आलं की डावा हात आपोआप खाली जातो, दांडा धरतो, डावा पाय क्लच शोधतो. तिथे काहीच नसतं. हात तसाच थोडा वेळ राहतो. याला काय म्हणाल?

गॅरेजवाला
हात शिवशिवतात.

घाटवाट
हो. तेच होतं.

गॅरेजवाला
पुण्यात असाल तर गॅरेजला या कधी. एका गिऱ्हाइकाची ९८ची उभी आहे, क्लच प्लेट नवीन टाकली आहे. मालकाला विचारून ठेवतो. नाही म्हणायचे नाहीत ते, त्यांचेही शिवशिवतात.