शब्दचर्चा : पानगळ, ऊब आणि 'कोझी'

मुलांसाठीच्या एका चित्रपुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. गोष्ट म्हणावी असं त्यात फारसं काही घडत नाही. बाहेर पानं गळताहेत, दिवस आखूड होत चाललेत आणि घरातली माणसं एकमेकांना जरा जास्त खेटून बसायला लागली आहेत, एवढंच. पण दोन ठिकाणी आठवडाभर अडले आहे. एक, ऋतूचं नाव. दुसरं, 'कोझी' हे ऊब आणि निवांतपणा एकदमच सांगणारं इंग्रजी विशेषण, जे मूळ पुस्तकात दर दुसऱ्या पानावर भेटतं.

आधी ऋतूचं बोलू. 'ऑटम' म्हणजे 'शरद' असं आपण शाळेपासून पाठ केलंय आणि महिन्यांच्या हिशेबाने ते जुळतंही, कारण आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. अडचण अशी की 'शरद' म्हटल्यावर मराठी डोळ्यांपुढे धुतलेलं आकाश, नितळ पाणी आणि चांदणं येतं. गळणारं पान येत नाही. आपल्या शब्दांत पानं गळतात ती शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. म्हणून पुष्कळ अनुवादांत सरळ 'शिशिर' लिहिलेलं दिसतं. मला ते मुळीच पटत नाही. शिशिरानंतर वसंत येतो, म्हणजे तिथे थंडी निघायच्या बेतात असते. या पुस्तकातल्या घरात थंडी अजून यायची आहे. सगळी गंमत त्या 'यायची आहे'मध्येच आहे: वरच्या फळीवरचं पांघरूण खाली येतं, दिवा रोज थोडा लवकर लागतो, खिडकी रात्री उघडी ठेवावी की लावावी यावर घरात एकमत होत नाही.

महिन्याचं नाव घालूनही भागत नाही. उत्तर गोलार्धात हा ऋतू सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. तेव्हा मी 'पानगळ' घेतलाय. 'पानगळीचे दिवस', 'पानगळ लागली'. कॅलेंडर काहीही म्हणो, झाडाकडे बघून ऋतू कळतो.

'शरद' सोडताना वाईट मात्र वाटलं. संस्कृतात 'शरद्' म्हणजे नुसता ऋतू नाही, अख्खं वर्षसुद्धा. 'जीवेम शरदः शतम्' म्हणजे शंभर शरद जगू या. तशीच 'शतं हिमाः' म्हणजे शंभर हिवाळे अशीही प्रार्थना वेदांत आहे. आपलं 'वर्ष' तर पावसाच्या घरचंच आहे. माणसाने आयुष्य ऋतूंनी मोजलं, यापेक्षा मोठी गोष्ट या विषयावर मला सांगता येणार नाही.

पानगळ चालेल का? आणि 'कोझी'ला काय म्हणाल?

प्रतिसाद –
'पानझड' का नको? भूगोलात आपण 'पानझडी वृक्ष' शिकलो, 'पानगळी वृक्ष' नाही.

प्रतिसाद –
वृक्षाच्या जातीला 'पानझडी' हाच शब्द रुळलाय, तो तसाच राहू दे. पण ऋतूसाठी 'गळणं' आणि 'झडणं' यांतला फरक जपावासा वाटतो. थेंब गळतो, केस गळतात, अवसान गळतं. सगळं आपसूक, आवाज न करता. झडतात त्या फैरी, झडतात चौघडे, चर्चाही झडतात. पावसाची झड लागते. झडण्यात जोर आहे, एकामागून एक येणं आहे. वादळाने ओरबाडून नेलेल्या पानांना 'झडली' म्हणावं. एरवी झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर स्वतःच तयार करतं आणि तिथून पान सुटतं. आधी हरितद्रव्य मोडतं, मग मुळात पानात असलेला पण झाकलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो. एवढी सगळी तयारी करून जे सुटतं ते गळतंच.

आणि एकदा जमिनीवर पडून वाळलं की तो 'पाचोळा'. 'पाला' हिरवाही असतो, शेळीपुढे टाकता येतो. पाचोळा फक्त वाळलेला. पुस्तकात पोरं ज्यात उड्या मारतात तो पाचोळाच, 'पानांचा ढीग' नव्हे. ढीग कशाचाही असतो.

प्रतिसाद –
'कोझी'ला 'उबदार' आहे की. इतका विचार कशाला?

प्रतिसाद –
विचार यासाठी की 'उबदार' हा शब्द आता स्वेटरच्या जाहिरातीतला झालाय. 'उबदार खोली', 'उबदार संध्याकाळ', 'उबदार कुटुंब' असं तीनदा लिहिलं आणि चौथ्यांदा लेखणी अडली.

'ऊब' या नामात मात्र अजून जीव आहे. जाळाची असते ती धग. चुलीपुढे बसून घेतो तो शेक. तव्याखालची आच. ऊब यांतली कुठलीच नाही. ऊब अंगाची असते, अंगातून निघून कुठेतरी धरून ठेवलेली: कुशीची, पांघरुणाची, दाटीने बसलेल्या माणसांची. कोंबडी अंडी 'उबवते' ती अंगाखाली घेऊन. कोरं, गार पांघरूण अंगावर घेतल्यावर पहिली दोन मिनिटं आपणच त्याला ऊब देतो, मग ते ती आपल्याला परत करतं. म्हणून 'कुणाची ऊब?' या प्रश्नाला मराठीत नेहमी उत्तर लागतं आणि 'उबदार'ने ते उत्तर पुसलं जातं.

धरून ठेवलेली ऊब बिघडतेही. महिनोन्महिने बंद असलेल्या कपाटाला येतो तो 'उबट' वास. हिंदीत तर 'ऊब' म्हणजे कंटाळा, तेव्हा हिंदीतून वाचणाऱ्या मुलांना हा शब्द मुद्दाम समजावून द्यावा.

शिवाय ऊब एकटी येत नाही. तिला बाहेर गारवा लागतो. गारवा हं, गारठा नव्हे. गारवा, गोडवा, ओलावा, थंडावा या शब्दांत जेवढं हवं तेवढंच आहे. गारवा हवासा, गारठा बोचरा. गारठ्यात माणूस कुडकुडतो, गारव्यात नुसती शिरशिरी येते आणि तो पांघरूण हनुवटीपर्यंत ओढतो. पानगळीचं सगळं सुख या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे असं मला वाटतं.

प्रतिसाद –
ताई, तुम्ही विशेषणं शोधताय म्हणून अडताय. आमच्या आईच्या तोंडी या दिवसांत एकही विशेषण नसायचं, क्रियापदंच असायची. 'पांघरुणांना जरा ऊन दाखव.' 'उन्हाला बस घटकाभर.' 'किती वेळ ऊन खात बसलायस!' 'मुटकुळं करून झोपलाय बघ कसा.' ऊन दाखवणं आणि ऊन खाणं, हे दोन वाक्प्रचार घ्या, निम्मं पुस्तक होईल.

प्रतिसाद –
दादा, तुम्ही माझा आठवडा वाचवलात. 'ऊन दाखवणं' मी विसरलेच होते! पांघरुणाला डोळे असल्यासारखं आपण त्याला ऊन दाखवतो. संध्याकाळी ते आत आणताना त्याला एक कोरडा, स्वच्छ वास असतो, त्याला आमच्या घरी 'उन्हाचा वास' म्हणत. 'उबट'चा नेमका विरुद्धार्थी शब्द कुणी विचारला तर मी हाच सांगेन. लहानपणी त्या पांघरुणांच्या चवडीत तोंड खुपसून मी उभी राहायचे आणि आजी म्हणायची, 'घड्या मोडू नकोस गं.' तिने कधी मोडलेली घडी पुन्हा मला घालायला लावली नाही, स्वतःच घातली.

तुमचं ऐकून काल मुलीकडे जरा नीट पाहिलं. दुपार कलल्यावर ती जमिनीवर पालथी पडली होती. पडद्याच्या फटीतून आलेला कवडसा तिच्या पुस्तकावर होता. तो सरकला की ती पुस्तक सरकवायची, पुस्तकाबरोबर स्वतःही सरकायची. अर्ध्या तासात खोलीच्या मधोमधून भिंतीपाशी पोचली. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, 'उन्हाबरोबर चाललेय.'

कवडशाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. छताच्या बारीक भोकातून पडलेला कवडसा गोल असतो, भोक वेडंवाकडं असलं तरीही, कारण ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात तोच कवडसा कोरीसारखा होतो. दुसरी गोष्ट या ऋतूचीच: सूर्य आकाशात दिवसेंदिवस खाली उतरत जातो, म्हणून त्याच्या बाजूच्या खिडकीतून ऊन रोज थोडं आणखी आत येतं. उन्हाळ्यात उंबऱ्याशी थांबणारं ऊन आता पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. त्यात तरंगणाऱ्या धुळीच्या कणाला संस्कृतात 'त्रसरेणू' असं स्वतंत्र नाव आहे आणि मनुस्मृतीतल्या वजनमापांत सगळ्यात लहान माप तेच आहे. कुणीतरी घरात बसून उन्हाच्या तिरपेकडे इतका वेळ पाहिलं असणार की त्या कणालाही नाव द्यावंसं वाटलं.

प्रतिसाद –
'उन्हं' विसरू नका. 'ऊन कललं' आणि 'उन्हं कलली' यांत फरक आहे. अनेकवचन आलं की संध्याकाळ जवळ आली समजायचं.

प्रतिसाद –
अगदी खरं. 'उन्हं तापली' कानाला खटकतं, 'उन्हं उतरली' नाही खटकत.

मग आता पुस्तकाचं पहिलं पान असं केलंय. आधी लिहिलं होतं: 'शरद ऋतूतली ती एक उबदार, आरामदायक संध्याकाळ होती.' आता: 'पानगळ लागली होती. उन्हं उतरल्यावर बाबांनी वाळत घातलेली पांघरुणं आत आणली आणि आम्ही तिघं भावंडं त्यांच्यात शिरलो.' तिसऱ्या पानावर आई येऊन त्यांच्यात बसते. तिथे मूळचा 'कोझी' तीन वेळा आहे, मी फक्त 'सरका जरा' एवढंच ठेवलंय.

एक जागा अजून रिकामी आहे. पाचोळ्यावर पाय पडल्यावर होणारा आवाज. झाडावरच्या पानांची सळसळ, ती इथे चालणार नाही. 'कुरकुर'ला तक्रारीचा वास येतो. 'चुरचुर'पाशी थांबलेय, पण जखमही चुरचुरते. तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा, पुस्तक छापायला जायला अजून पंधरा दिवस आहेत.

प्रतिसाद –
'चर्रचर्र'. एका पायाला एकदा.