लग्नाचं लाइव्ह अर्धा मिनिट मागे का पडतंय?

प्रश्न:
बहिणीचं लग्न आहे साताऱ्याला, मामा-मामी न्यू जर्सीत, येता येत नाहीये म्हणून यूट्यूबवर लाइव्ह करणारे, लॅपटॉपवर ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) आणि कॅप्चर कार्डने (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) कॅमेरा. साखरपुड्याला ट्रायल घेतली तर आईने फोनवर मामीला सांगितलं अंगठी घातली आणि तिकडे अजून ओटीच भरत होते! मुहूर्त १२:३५ चा, मामी पहाटे ३ ला उठून बसणार, तिला बरोबर मुहूर्तावरच अक्षता टाकायच्यात. अमेरिका लांब म्हणून होतं का हे? फास्ट नेट घेतलं तर जाईल?

उत्तर:
अंतराने नाही हो, केबलमधून तिकडे पोचायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. लॅपटॉप व्हिडिओ एन्कोड करतो, म्हणजे दाबून लहान करतो, यूट्यूब वेगवेगळ्या क्वालिटी बनवून व्हिडिओचे छोटे तुकडे पाडतं आणि बघणाऱ्याचा प्लेयर त्यातले काही तुकडे आधी साठवून मग दाखवतो, नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून. जास्त वेळ या साठ्यातच जातो. स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये लेटन्सी (किती मागे दिसतं ते) नॉर्मल असेल ती अल्ट्रा लो करा, १०८०पी ठेवा (४के त्यात चालत नाही), ओबीएसमध्ये कीफ्रेम इंटरव्हल (अख्खं चित्र किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंद. पण साठा कमी झाला की हॉलचं नेट जरा गडबडलं तरी गोल चक्र फिरणार, हे धरून चाला.

उत्तर:
कार्यालयात पाहुणे भरल्यावर मोबाइल नेटचं काय होतं ते बघितलंय, त्यामुळे वायरचं नेट मिळतं का विचारा, आणि स्पीड बघताना अपलोड बघा. अजून एक, मामींकडे मध्येच अडकलं की त्या तेवढ्या मागेच राहतात, त्यांना खालच्या 'लाइव्ह' वर दाबायला सांगा.

उत्तर:
अक्षतांपुरता सरळ व्हिडिओ कॉल लावा. त्यात साठा जवळपास नसतोच, नेट बरं असेल तर सेकंदाच्या आत पोचतं. अंतरपाट धरला की कॉल, आणि तिकडे यूट्यूबचा आवाज बंद, नाहीतर 'सावधान' दोनदा ऐकू येतं. भाचीच्या लग्नात आम्ही असंच केलं, आजी घरी पलंगावर बसून सगळ्यांबरोबर अक्षता टाकत होत्या.

प्रश्नकर्ता:
मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दुसऱ्या फोनवर स्ट्रीम बघितली, नॉर्मलला २७ सेकंद मागे, अल्ट्रा लोला ५. तरी मंगलाष्टकांना कॉलच लावतो, फोन धरायला चुलतभाऊ ठरलाय. मामीला आत्ताच कळवलं, ती म्हणाली तांदूळ आजच रंगवते.