मदत हवी आहे: रिसीव्हर निवडताना चाळीस यार्डांची वेळ किती मनावर घ्यायची?

मंडळी, ऑफिसच्या अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळतात) नवखे वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, निवडतोय आणि डोकं चक्रावलंय. 2017 चंच बघा. जॉन रॉस कंबाइनमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीआधीची, म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी) चाळीस यार्ड 4.22 सेकंदांत पळाला, बेंगल्स संघाने ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर उचलला. पहिल्या मोसमात एकही झेल नाही! (दुखापती होत्या, मान्य.) कूपर कपला लागले 4.62, गेला तिसऱ्या फेरीत, आणि 2021 मध्ये झेलांवर 1,947 यार्ड कमावले! कंबाइनमध्ये अंगावर ना पॅड, ना समोर बचावपटू. त्या वेळेचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. एनएफएलमध्ये सामन्यातला वेग खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून मोजतात. कॉलेजच्या पोरांचे असे आकडे फुकटात कुठे मिळतील? आणि झटकन दिशा बदलताना कोणाचा वेग टिकतो, हे नुसता व्हिडिओ बघून कसं ओळखता? जाणकारांनी जरा लवकर सांगा, आमच्या लीगचा ड्राफ्ट रविवारीच आहे.