१८८८ चा ‘नेटिव्ह’ दौरा: ब्लॅकहीथला मैदान सोडलं ते बरोबरच केलं

रानवाट:
परवा रग्बीच्या पहिल्या दौऱ्यांवरच्या धाग्यात एका सदस्याने ठोकून दिलं की १८८८ चा ब्रिटिश संघाचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौरा हीच खरी सुरुवात, न्यूझीलंड नेटिव्ह संघाचा (बहुतेक माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी खेळाडूंचा) दौरा म्हणजे पैशासाठी काढलेली जत्रा, आणि हरायला लागल्यावर हे लोक लंडनच्या ब्लॅकहीथला मैदान सोडून पळाले. तिथेच उत्तर देत होतो, पण लांबत गेलं आणि डोकंही तापलं, म्हणून वेगळा धागा.

जत्रा? २६ खेळाडू, वर्षाहून जास्त काळ घराबाहेर, रग्बीचे १०७ सामने, त्यातले ७८ जिंकले. एकट्या ब्रिटनमध्ये ७४. आठवड्याला तीन तीन सामने, ऐन हिवाळ्यात, चिखलात, आणि बदली खेळाडू हा प्रकारच नाही, जो उभा राहू शकतो तो खेळतो. वॉरब्रिक घरातले पाच भाऊ संघात होते, त्यातला जो वॉरब्रिक कॅप्टन, तो स्वतः दुखापतीमुळे बराच काळ बाहेर बसला. तरी डब्लिनला जाऊन आयर्लंडला हरवून आले.

आता ब्लॅकहीथ, १६ फेब्रुवारी १८८९, समोर इंग्लंड. रेफरी कोण, तर रोलंड हिल, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी युनियनचा सेक्रेटरीच! आधीच्या ट्रायवरून (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) वाद झालेलाच होता. मग नेटिव्ह संघाच्या टॉम एलिसनने इंग्लंडच्या स्टॉडर्टला पकडलं, त्यात स्टॉडर्टची चड्डी फाटली. माणसाची लाज झाकावी म्हणून नेटिव्ह खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, त्यांच्या समजुतीने खेळ थांबलेला. तेवढ्यात इंग्लंडच्या एव्हरशेडने बॉल उचलला आणि जाऊन टेकवला, आणि हिलसाहेबांनी ट्राय दिला. काहीजण तडक बाहेर चालू लागले. मी तिथे असतो तर मीही गेलो असतो.

सरळरेषा:
त्या धाग्यावर लिहिणारा मीच, त्यामुळे नाव न घेता बोलायची गरज नव्हती. रेफरीने थांबवल्याशिवाय खेळ थांबत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. इंग्लंड ७-० जिंकलं. तो एक ट्राय काढून टाका, तरी निकाल तोच राहतो. मग बाहेर जाऊन काय साधलं? जे खेळत राहिले त्यांची मला किंमत आहे.

कोकणकडा:
दोघांनाही एक सांगतो, ‘पहिला दौरा’ हा वादच चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा संघ १८८२ लाच न्यूझीलंडला जाऊन खेळला, १८८४ ला न्यूझीलंडवाले उलट तिकडे गेले आणि सगळे सामने जिंकून आले. ब्रिटन मध्ये आलं की मगच इतिहास सुरू होतो का? चालू द्या.

रानवाट:
@सरळरेषा, निकाल कोण बदला म्हणतंय? समोरच्याची अब्रू सांभाळायला थांबलेल्या माणसाचा फायदा घ्यायचा आणि वर नियम शिकवायचा, चीड त्याची आहे. नंतर युनियनने माफीपत्र मागितलं, पहिलं पसंत पडलं नाही म्हणून दुसरं स्वतः सांगेल तसं लिहून घेतलं. यालाही नियमच म्हणायचं का?

गिरणगाव:
‘पैशासाठी’ या शब्दावर कुणीच बोलत नाहीये, आणि मला खरी आग तिथे लागते. ज्या ब्रिटिश दौऱ्याला तुम्ही शुद्ध म्हणता तो काढला शॉ आणि श्रूजबरी या दोन व्यावसायिक क्रिकेटपटूंनी, तिकिटाच्या पैशासाठीच. युनियनने त्याला पाठिंबाही दिला नव्हता. त्या संघातल्या हॅलिफॅक्सच्या क्लाऊजने कपड्यालत्त्यासाठी १५ पौंड घेतले तर तो ‘प्रोफेशनल’ ठरला, बिचारा बोटीने तिकडे गेला आणि दौरा नुसता बसून काढला. साहेबांच्या पोरांना कपडे घरून मिळतात हो. गिरणीत, खाणीत काम करणाऱ्याने काय करायचं?

माझे वडील गिरणीत होते आणि कबड्डी खेळायचे. बाहेरगावी सामना असला की खाडा, खाडा पडला की पगार कापला. एकदा गुडघा सुजवून आले आणि त्यात आठवड्याचा पगारही अर्धा हातात, आई त्या रात्री त्यांच्याशी बोलली नाही. मंडळाने हार घातला, भाडंसुद्धा दिलं नाही. वर भाषण, की खेळाडूने पैशाकडे बघू नये. भाषण करणारा स्वतःच्या गाडीतून आलेला. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या क्लबांनी १८९३ ला बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली तेव्हा तिच्या विरोधात हाच हिल उभा होता, ठराव २८२ विरुद्ध १३६ ने पडला. दोन वर्षांनी हडर्सफील्डच्या हॉटेलात बसून उत्तरेकडचे क्लब युनियनपासून वेगळे झाले. छान झालं.

सरळरेषा:
वडिलांबद्दल आदर आहे, पण त्याचा ब्लॅकहीथशी संबंध काय? आणि पैसा आला की काय होतं ते आज बघतोच आहोत, खेळाडूंचा लिलाव. हौशी खेळात एक सभ्यता होती.

गिरणगाव:
सभ्यता कुणाची? ज्याचं घर त्या दिवसाच्या मजुरीवर चालत नाही त्याची. संबंध विचारताय म्हणून सांगतो: मजुराला भरपाई नाकारणारा आणि त्या दिवशी ट्राय देणारा माणूस एकच.

पुणेरी_बोळ:
आणि सभ्यतेच्या गोष्टी आपण तर करूच नयेत. पुण्यात पाळवणकर बाळूंना, म्हणजे त्या दलित क्रिकेट गोलंदाजाला, संघात घ्यायचे, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. कॅप्टन पतियाळाचे महाराज! बाळूंना हिंदू संघाची कप्तानी शेवटपर्यंत दिली नाही, १९२३ ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली. हे वाचलं की नेटिव्ह संघाला ब्रिटनमध्ये काय वाटलं असेल ते मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सरळरेषा:
आता जातीवर पण नेलंत. मी रग्बीबद्दल लिहिलं होतं, माझ्यावर शिंतोडे नकोत. ठीक आहे, यजमानांच्या सेक्रेटरीने रेफरी व्हायला नको होतं, हे मान्य. माफीपत्र सांगून लिहून घेणंही शोभलं नाही. ‘जत्रा’ हा शब्द मागे घेतो. पण खेळ चालू असताना मैदान सोडणं मला कधीच पटणार नाही, आणि १८८८ च्या ब्रिटिश खेळाडूंचं मोलही कमी करू देणार नाही. त्यांचा कॅप्टन सेडन ऑस्ट्रेलियात मेटलंडला हंटर नदीत होडी उलटून गेला, आणि ही पोरं उरलेला दौरा पुरा करून आली. पुढे कप्तानी कुणी केली? याच स्टॉडर्टने.

रानवाट:
सेडनबद्दल वाईट मलाही वाटतं, त्या खेळाडूंना मी एक शब्द बोललेलो नाही. पण मग मोल दोन्हीकडे सारखं लावा. काळी जर्सी आणि त्यावर रुपेरी नेचा हे घालून नेटिव्ह संघ ब्रिटनभर खेळला. १८९३ ला न्यूझीलंड युनियनच्या सभेत हाच पोशाख देशाच्या संघाला द्या असा ठराव मांडणारा तोच एलिसन, ज्याच्या हातात स्टॉडर्टची चड्डी फाटली. मैदान सोडण्यावर माझं मत तेच आहे, आणि तुमचंही बदलणार नाही हे दिसतंय. हिलच्या १८९३ च्या मतदानावर कुणाला बोलायचं असेल तर @गिरणगाव यांनी वेगळा धागा काढावा, मी येतो तिथे.